पेले की मॅराडोना? आधी मोजपट्टी ठरवा

फुटबॉलमधला सर्वश्रेष्ठ कोण, या वादात नावं लगेच पुढे येतात. ती कोणत्या मोजपट्टीवर ठरवली हे मात्र कुणी सांगत नाही. २००० साली फिफाने शतकातला सर्वोत्तम खेळाडू निवडला तेव्हा इंटरनेटवर मॅराडोनाला ५३.६ टक्के मतं पडली आणि पेलेला १८.५३. फिफाच्या जाणकारांच्या कौलात मात्र पेलेला ७२.७५ टक्के, तर मॅराडोना ६ टक्क्यांवर, रेआल माद्रिदचा जुना खेळाडू दि स्टेफानोच्याही मागे! शेवटी दोघांनाही गौरवावं लागलं. मतदार बदलले की निकाल इतका उलटतो.

पुरस्कार मोजून यादी लावणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला दिला जाणारा बॅलन डी'ओर १९५६ मध्ये सुरू झाला, पण १९९४ पर्यंत तो फक्त युरोपीय खेळाडूंसाठी होता. म्हणून पेले आणि मॅराडोना यांच्या नावापुढे शून्य दिसतं. २०१६ मध्ये हा पुरस्कार देणाऱ्या ‘फ्रान्स फुटबॉल’ या नियतकालिकाने युरोपबाहेरच्यांनाही धरून जुनी वर्षं नव्याने तपासली, तेव्हा एकट्या पेलेच्या वाट्याला सात आले.

गोलांचंही तसंच. पेलेचे १,२७९ गोल मैत्रीपूर्ण सामने धरून आहेत. ते वगळले की साधारण साडेसातशे उरतात. पण सरसकट वगळणंही मला पटत नाही. पेलेचा क्लब सांतोस तेव्हा जगभर दौरे करायचा आणि त्यात युरोपातले तगडे क्लबही समोर असत. प्रतिस्पर्धी पाहून एकेक सामना धरावा किंवा सोडावा, हे किचकट असलं तरी प्रामाणिक आहे.

वेगवेगळ्या काळांतले आकडे थेट शेजारी ठेवू नका. १९८६-८७ मध्ये मॅराडोनाचा क्लब नापोली इटलीच्या लीगचा विजेता झाला, तेव्हा लीगमध्ये मॅराडोनाचे गोल होते १०. मेस्सीने २०११-१२ च्या ला लिगामध्ये, म्हणजे स्पेनच्या लीगमध्ये, ५० केले. पण इटलीतल्या त्या हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्या विर्दिसचेही १७च होते! सामने ३०, मागून घातलेल्या आडव्या पायांना पंचांची बरीच मोकळीक, आणि सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेण्यावर बंदी आली ती १९९२ मध्ये, म्हणजे तोवर बचाव करणं सोपं होतं. त्यामुळे खेळाडूची तुलना आधी त्याच हंगामातल्या इतरांशी करावी.

आणि जागेनुसार याद्या वेगळ्या कराव्यात, हा माझा आग्रह. बॅलन डी'ओर मिळालेला गोलरक्षक एकच, १९६३ चा लेव याशिन. इटलीचा बचावपटू पाओलो माल्दिनीला तो कधीच मिळाला नाही. गोलांच्या तक्त्यात त्याला शोधत बसलात, तर पहिल्या शंभरातही तो सापडायचा नाही.