माय-लेक एकटेच परदेशी निघत असाल तर...

आमची ताई आणि सहा वर्षांचा भाचा आज कॅनडाला सुखरूप पोहोचले. पण उतरल्यावर त्यांना इमिग्रेशनने बराच वेळ बाजूला बसवून ठेवलं होतं.

भाऊजी इथली कामं आवरून मागून जाणार आहेत. पीआरचे (तिथे कायम राहण्याच्या परवानगीचे) कागद चोख होते. प्रश्न एकच आला: मुलाचे वडील कुठे आहेत, त्यांची संमती आहे का? एजंटने तर छातीठोक सांगितलं होतं, 'तसलं काही लागत नाही.'

इकडे मुलुंडला आई देवापुढून हलेना, भाऊजी गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. शेवटी तिथून फोन आला. मुलाची जन्मतारीख, शाळा, सगळं विचारलं. भाऊजींचा आवाज कापत होता. तिकडे भाच्याला विचारलं, ही कोण? ताईच्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून तो मराठीतच म्हणाला, "माझी आई."

अधिकाऱ्यांचा मला राग नाही. एक पालक दुसऱ्याच्या परस्पर मूल देशाबाहेर नेतो, असं खरंच घडतं. त्यासाठीच १९८० चा हेग करार आहे, आणि भारत त्यात सामील नाही. चौकशी व्हायलाच हवी. संताप आहे तो एजंटचा.

दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं इंग्रजी संमतीपत्र (फोन नंबर, प्रवासाच्या तारखांसह) आणि मुलाचा जन्मदाखला हातातल्या बॅगेतच ठेवा. घटस्फोट झाला असेल तर ताब्याचा कोर्टाचा आदेश, जोडीदार हयात नसेल तर मृत्यूचा दाखला. ओळखीत कुणी निघणार असेल तर आजच कळवा.