तुम्ही विचारलंत म्हणून: नुसतं ते एक गाणं का पाठवत नाही?

हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच नीट लिहून टाकते. कुणी म्हणालं कंट्री म्युझिक ऐकायचंय, सुरुवात कुठून करू, की मी विली नेल्सन या अमेरिकन गायकाचा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' सांगते, १९७५चा अल्बम. मग लगेच पुढचं येतंच, अहो त्यातलं ते फेमस गाणं पाठवा ना, 'ब्लू आइज क्रायिंग इन द रेन', अख्खा अल्बम कोण ऐकत बसणार. आणि मी काही पाठवत नाही. परवा भाचीनेही विचारलं, "मावशी, एक लिंक पाठवायला तुझं काय जातं गं?"

तर सांगते काय जातं.

मी स्वतः ते गाणं आधी सुटंच ऐकलं होतं. आम्ही तेव्हा टेक्सासमध्ये प्लेनोला राहायचो, नवऱ्याचा प्रोजेक्ट होता, मला व्हिसामुळे काम करता येत नव्हतं, दिवस खायला उठायचा. मुलीला आणायला शाळेबाहेर गाड्यांच्या लाइनीत थांबले होते आणि रेडिओवर हे लागलं. एक गिटार, मागे बेस, आणि थोडंसं नाकातून गाणारा एक माणूस, शेजारच्या सीटवर बसून बोलतोय इतका जवळ. पावसात निरोप घेताना तिचे डोळे भरून आले होते, आता केस पिकले, वर गेल्यावर भेटू, बस एवढंच म्हणतो तो. मला तिथेच रडू आलं. आईबाबा इतके लांब, मला वाटलं हे माझंच गाणं. पुढे वर्षभर पोळ्या लाटताना, कपड्यांच्या घड्या घालताना तेच गुणगुणत होते.

मग एकदा लायब्ररीत सीडी दिसली, आणली, आणि संध्याकाळी स्वयंपाक करता करता पहिल्यापासून लावली. अल्बममध्ये एक गोष्ट आहे. एक धर्मोपदेशक असतो, त्याची बायको जुन्या प्रियकरासाठी त्याला सोडून जाते, आधी त्याला खरंच वाटत नाही, मग तो रडतो, मग घोड्यावर बसून शोधायला निघतो. चौथ्या गाण्यात ती दोघं त्याला सापडतात, एका गावातल्या कोपऱ्यातल्या गुत्त्यात बसलेली, तो दारातून आत येतो तेव्हा एकमेकांकडे बघून हसत असतात, आणि हसता हसताच मरतात. तो त्यांना मारतो. हे सांगताना विलीचा आवाज जरासुद्धा चढत नाही, ढोल नाही, बंदुकीचा आवाज नाही, काल बाजारात काय झालं ते सांगावं तसं सांगतो.

आणि त्याच्यानंतर पाचवं, माझं गाणं.

मी तव्यावरची पोळी सोडून सीडीपाशी गेले, मागे घेऊन परत चौथ्यापासून लावली. पोळी करपली. वर्षभर मी जे विरहाचं म्हणून गुणगुणत होते ते तो माणूस गातोय ज्याने तिला स्वतःच्या हाताने मारलंय. तेच शब्द, तीच गिटार, मधे तोच साधासा गिटारचा तुकडा, आणि 'वर गेल्यावर भेटू' म्हणताना आता अंगावर काटा येतो, कारण ती वर आहे ती त्याच्यामुळेच. तरी त्याचं दुःख खोटं वाटत नाही, हेच तर सगळ्यात जास्त त्रास देतं. माझी करुणा कुठे ठेवू हेच कळेना.

गंमत म्हणजे गाणं विलीचं नाहीच. फ्रेड रोज या गीतकाराने ते १९४०च्या दशकात लिहिलं, रॉय एकफ या गायकाने १९४७ साली गायलं, तेव्हा त्यात खूनबिन काही नव्हतं. शीर्षकगीतही दुसऱ्यांचं, १९५०च्या दशकातलं, विली फोर्ट वर्थला रेडिओवर डीजे होता तेव्हा लावायचा आणि घरी मुलांना झोपवताना म्हणायचा. त्याने फक्त जुनी गाणी घेतली, मधे मधे स्वतःचं गाणं 'टाइम ऑफ द प्रीचर' परत परत आणून ती शिवली, आणि एका साध्या गाण्याला अशा जागी ठेवलं की त्याचा अर्थच पालटला. आता सांगा, मी तेवढंच कापून कसं पाठवू?

हा अल्बम गार्लंड नावाच्या गावात, ऑटम साउंड स्टुडिओत रेकॉर्ड झाला, आमच्या घरापासून गाडीने अर्धा तासही नाही. खर्च साधारण ४ हजार डॉलर. कंट्री म्युझिकची राजधानी म्हणजे नॅशव्हिल, तिथे त्या काळी गायकाच्या मागे व्हायोलिनचा ताफा आणि कोरस लावायची पद्धत होती, विली तिथे वर्षानुवर्षं राहिला, त्याने लिहिलेलं 'क्रेझी' हे गाणं पॅट्सी क्लाइन या गायिकेने १९६१ साली गाजवलं पण गायक म्हणून त्याला कुणी फार विचारलं नाही. मग तो टेक्सासला परतला, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी करार करताना रेकॉर्डिंगमध्ये आपलंच चालेल अशी अट घातली, आणि हा अल्बम दिला तर तिथल्या लोकांना वाटलं हा डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग आहे, अजून वाजवायचंय. पण तो तसाच आला, आणि गायक म्हणून त्याचं पहिलं नंबर वन गाणं त्यातूनच निघालं, हेच 'ब्लू आइज'. रेडिओने ते एकटं वाजवलं म्हणून आपल्यालाही ते एकटंच माहीत.

त्याची गिटार बघा कधी फोटोत. ट्रिगर तिचं नाव, मार्टिन कंपनीची, नायलॉन तारांची. ती बोटांनी वाजवायची गिटार आहे, हा पिकने, म्हणजे छोट्या पट्टीने वाजवतो, त्यामुळे घासून घासून लाकडाला भलंमोठं भोक पडलंय. नॅशव्हिलजवळचं घर जळत होतं तेव्हा आत जाऊन त्याने ही गिटार बाहेर काढली होती. आणि गाताना तो तालाच्या मागे रेंगाळतो, वाटतं आता सम चुकणार, आणि अलगद येऊन पोचतो. मागे गर्दी नाही म्हणून ते रेंगाळणं ऐकू तरी येतं.

एक गोष्ट लपवत नाही. शीर्षकगीतात एक बाई त्या धर्मोपदेशकाच्या मेलेल्या बायकोच्या घोड्याला हात लावते म्हणून तो तिलाही मारतो, आणि घोडा चोरणाऱ्या बाईला मारलं तर फाशी कशी देणार असं गाणं म्हणतं. मला ते अजून टोचतं, आणि टोचायलाच हवं असं मला वाटतं. त्याच्या जरा पुढे 'जस्ट ॲज आय ॲम' येतं, चर्चमधलं भजन, शब्दांशिवाय, पियानोवर. वाजवते विलीची सख्खी मोठी बहीण, बॉबी. दोघांना ॲबट नावाच्या छोट्या गावात आजीआजोबांनी वाढवलं, तिथल्या चर्चमधली ही गाणी त्यांच्या हाडात मुरलेली. पश्चात्तापाचा शब्द अल्बममध्ये कुठे नाही, तो मला या पियानोत ऐकू येतो. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला तो धर्मोपदेशक डेन्व्हरला पोचतो, कुणाबरोबर तरी नाचतो, आणि 'हँड्स ऑन द व्हील'मध्ये एक म्हातारा आणि एक लहान मूल दिसतं, तिथे पहिल्यांदा श्वास मोकळा होतो. पण तिथवर सगळं ऐकत आलात तरच.

अल्बम ३५ मिनिटांचाही नाही. भाचीला मी शेवटी अख्ख्या अल्बमची लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, शफल बंद कर, चौथं गाणं संपलं की लगेच काही बोलू नकोस. रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला, "मावशी, हे त्यानेच तिला मारल्यानंतर म्हणतोय?" मी हो लिहिलं. मग बराच वेळ ती नुसती ऑनलाइन दिसत होती.