कुशावतीच्या काठाकाठाने पणसायमळला

गोव्यातल्या पणसायमळची कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रं, बघायला जंगल तुडवावंच लागतं असं नाही. मडगावहून केपें, झांबावली करत रिवणला यायचं, पुढे उसगाळीमळच्या बाजूला पुरातत्त्व खात्याचा फलक शोधायचा, कच्च्या रस्त्याने खाली उतरायचं. गाडी जवळजवळ दारात जाते. बहुतेक मंडळी अशीच येतात, अर्ध्या तासात फोटो काढून बाहेर पडतात आणि ‘दगडावर काहीतरी रेघोट्या आहेत’ म्हणत जेवायला मडगाव गाठतात.

आम्ही चालत गेलो याचं श्रेय माझ्या आतेभावाला. तो राजापूरचा. बारसूच्या आणि देवाचे गोठण्याच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, लहानपणापासून उंडारलेला, त्यामुळे कातळशिल्पांच्या बाबतीत त्याचा तोरा काही विचारू नका. कोकणातल्या कातळशिल्पांची जी नऊ ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि एक आमच्या गोव्यातलं पणसायमळ. ‘आठ बघून झाली, तुमचं तेवढं राहिलंय,’ असं तो फोनवर म्हणाला. त्यातला ‘तेवढं’ मला चांगलाच टोचला. मग ओळखीतून रिवण भागातले एक वाटाडे मिळवले, वेळीप समाजातले. आम्ही त्यांना दादा म्हणत होतो आणि ते आम्हा दोघांनाही सरसकट ‘बाब’.

सुरुवात रिवणच्या लेण्यांपासून केली. गावात त्यांना पांडवांची म्हणतात, अभ्यासक बौद्ध भिक्खूंची मानतात. जांभ्यात खोदलेली ही बसकी भुयारं आहेत, पायऱ्या खाली पाण्यापर्यंत जातात आणि आत शिरताना कमरेत वाकावं लागतं. आतेभावाचं डोकं पहिल्याच चौकटीवर आपटलं. दादा शांतपणे म्हणाले, ‘सावकास, बाब.’ लेणी फार मोठी नाहीत, आम्हीही तिथे फार रेंगाळलो नाही.

तिथून पुढे कुळागरं, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या बागा, लागतात. पाटाचं पाणी, सुपारी, मधूनमधून मिरीचे वेल, सगळं कसं नीटनेटकं. ती संपली की रान सुरू होतं. डिसेंबर होता, जळवांचा मोसम सरलेला, पण पानांखालची जमीन अजून ओलसर होती. वाट विचाराल तर ती दादांच्या डोक्यात होती. ‘वाट ना, पूण वता,’ म्हणजे वाट नाही, पण जाता येतं, असं म्हणून ते कोयत्याने एखादी फांदी बाजूला सारत आणि त्यांच्या मागून खरंच वाट निघत जाई. माट्टी आणि किंदळ हे दोन वृक्ष मला नेहमी चकवतात. माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष, म्हणजे घाटावरचा ऐन. दादांनी त्याची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल हाताने चाचपून दाखवली. एका वेलाची वाळलेली कवंडाळं लोंबत होती. चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानफळांची जी माटोळी बांधतात, तिच्यासाठी दादा ती इथूनच नेतात. पणजीच्या बाजारात माटोळीचा एकेक जिन्नस भाव करून विकत घेणाऱ्या माझ्यासारख्याला तो वेल बघून जरा खजील व्हायला झालं.

एका उतारावर जुन्या बांधांच्या ओळी दिसल्या. दादांच्या आजोबांच्या काळात तिथे कुमेरी व्हायची. रान तोडून, जाळून, राखेत नाचणी आणि वरी पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची. वन खात्याच्या नियमांत ती पद्धत गेली, आता त्या बांधांवर रान माजलंय. गोव्यातल्या गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला तोसुद्धा 2003 मध्ये. हे दादांनी कुरकुर न करता सांगितलं, चालता चालता, एका लाल मुंग्यांच्या घरट्याला वळसा घालत.

पुढे एका चढावरून पलीकडची खाण दिसली. डोंगराच्या कापलेल्या लाल पायऱ्या आणि तळाशी साचलेलं हिरवंनिळं पाणी. दिसायला सुंदर, हेच वाईट. या पट्ट्यातलं अर्धं आयुष्य खाणींवर चाललं. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मग पुन्हा सुरू झाल्या आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्यावर परत ठप्प. दादा स्वतः खनिजाचा ट्रक चालवत होते. ‘आतां पांयांनीं,’ एवढंच बोलून ते उतरायला लागले. खाणीपासून इतक्या जवळ ही शिल्पं शाबूत राहिली हे नवलच म्हणायचं. खनिजाच्या मातीचा एखादा ढीग थोडा इकडे सरकला असता, तर आज मी हे लिहीत नसतो.

नदीचा आवाज आधी आला. कुशावती इथे एक वळण घेते आणि त्या वळणावर जांभ्याचा एक सपाट पट्टा पाण्याच्या दिशेने उतरत जातो. हाच तो कातळ. पावसाळ्यात नदी यावर चढते आणि ओसरताना गाळ मागे ठेवते. इथली चित्रं कित्येक काळ मातीखाली होती. 1993 मध्ये डॉ. पी. पी. शिरोडकर यांनी ती अभ्यासकांच्या जगापुढे आणली, तीही गावकऱ्यांनी सांगितल्यावरून. म्हणून ‘शोध’ हा शब्द इथे वापरताना माझी जीभ जरा अडखळते.

‘हांगा पांय दवरूं नाकात,’ इथे पाय ठेवू नका, असं म्हणत दादांनी आधी आम्हाला चपला काढायला लावल्या. मग पालापाचोळा झाडून काढला आणि नदीतून बाटलीभर पाणी आणून कातळाच्या एका कोपऱ्यावर ओतलं.

मी उभा होतो तिथून मला काहीच दिसत नव्हतं. नुसता तांबूस, खडबडीत दगड. पाणी पसरलं, भोवतालचा कातळ गडद झाला, खोलगट चरांमध्ये ते थांबलं आणि त्यात आकाश चमकायला लागलं. आधी पाठीची एक लांब रेघ, मग शिंगं, मग पुढे टाकलेला पाय. चांगला मोठा बैल. मघापासून मी त्याच्याच शेजारी उभा होतो.

आतेभाऊ लगेच म्हणाला, ‘हा गवा असणार.’ तसं वाटणं साहजिक आहे. गवा गोव्याचा राज्यप्राणी, आजूबाजूला त्याचंच रान. दादांनी मान हलवली. ‘हो गवो न्हय, बैल.’ हा गवा नव्हे. आणि मग उकिडवे बसून त्यांनी बोटाने, कातळाला न शिवता, हवेतच रेघ ओढून समजावलं. गव्याचा उंचवटा मानेमागून सुरू होतो आणि पाठीच्या मध्यापर्यंत लांबत जाऊन एकदम खाली येतो. बैलाचं वशिंड खांद्यावर वेगळं उभं राहतं. इथे ते वेगळं उभं होतं. दोन पावलांवरच्या दुसऱ्या जनावराची पाठ मात्र लांबवर भरलेली होती. ‘हो गवो,’ हा गवा, ते म्हणाले. कोरणाऱ्याला हा फरक ठाऊक होता आणि तो दाखवावासा वाटला होता. आतेभाऊ गप्प झाला, आणि हे फार वेळा घडत नाही.

मला त्या दिवशीची खरी कमाई ही वाटते. फलकावर ‘बैल, हरणं, मोर’ अशी यादी असते आणि आपण ती मोजत फिरतो. ज्याने सकाळपासून आम्हाला गव्याचं शेण, त्याची वाट, त्याने साल घासलेलं झाड दाखवलं होतं, तो या रेषांकडे वेगळ्याच नजरेने बघत होता. शंभरावर आकृत्या आहेत इथे: हरणं, मोर, पावलांचे ठसे, नाचणारी वाटावी अशी बाई आणि एक प्रसूत होणारी स्त्री, जिला सगळे मातृदेवता म्हणतात.

आणि ते चक्रव्यूह. एकात एक वळणारी वर्तुळं. नजर बाहेरून आत न्यायला गेलं की मधेच हरवते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अशी आकृती भूमध्य समुद्राकाठीही सापडते, त्यामुळे तिच्यावर तर्कांचे इमले उभे राहिलेत. भारतात काही ठिकाणी अडलेल्या बाळंतिणीला चक्रव्यूहाचं चित्र दाखवायची प्रथा नोंदलेली आहे. त्याच कातळावर कोरलेली प्रसूत स्त्री बघून दोन्हीचा सांधा जुळवायचा मोह होतो. मी जुळवूनही टाकला आणि मोठ्या उत्साहाने दादांना विचारलं. ते म्हणाले, ‘खबर ना, बाब.’ माहीत नाही.

वयाचंही तसंच. कुणी काही हजार वर्षं सांगतं, कुणी वीस हजारांच्या पुढे जातं. कोरलेल्या रेषेचं वय थेट मोजता येत नाही, त्यामुळे आसपास सापडलेली दगडी हत्यारं आणि चित्रांची धाटणी यांवरून अंदाज बांधावा लागतो. एखादा ठाम आकडा ऐकवणाऱ्याकडे मी तरी जरा संशयानेच बघतो.

राजापूरच्या सड्याशी तुलना झालीच. तिकडची चित्रं उघड्या माळावर, कशेळीचा हत्ती तर अठरा मीटरांचा, त्याच्यापुढे आपण मुंगी. इथली चित्रं माणसाच्या मापाची, रानाने आणि नदीने वेढलेली. शेवटी आतेभावाने ‘वेगळं आहे’ एवढं कबूल केलं. ‘भारी’ म्हणायला त्याला अजून एक फेरी लागेल.

एका आकृतीच्या चरांत पांढरा खडू भरलेला होता, कुणीतरी फोटो नीट यावा म्हणून. तो बघून दादा पहिल्यांदा चिडले. पाणी वाळतं, खडू त्या सच्छिद्र दगडात बसतो. खरं तर फोटोसाठी काहीच लागत नाही. दुपारी चारनंतर ऊन तिरकं झालं की चरांत आपोआप सावली भरते. आम्ही त्या वेळेपर्यंत थांबलो तर सकाळी न दिसलेली दोन हरणं वर आली.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. पावसाळ्यात कातळ पाण्याखाली असू शकतो आणि शेवाळावर पाय ठरत नाही. चालत जायचं तर गावातला माणूस बरोबर घ्याच, त्याची दिवसाची मजुरी आधी बोलून ठेवा आणि घासाघीस करू नका. परतताना झांबावलीला दामोदराच्या देवळाजवळ थांबता येतं, नदी तीच. आम्हाला मात्र भूक लागली होती, त्यामुळे रिवणच्या हॉटेलात पातळ भाजी, पाव आणि मिरचीभजी. दादांनी आमचे पैसे देऊ दिले नाहीत, आम्ही त्यांचे. शेवटी हॉटेलवाल्याने कंटाळून जो जवळ उभा होता त्याच्याकडून घेतले, म्हणजे आतेभावाकडून.