आधी सा, मग बोटं

रविवारी एरंडवण्यातल्या तालमीत गायिका म्हणाली, "आज घसा बसलाय, पट्टी खाली घेऊ," आणि गिटारवाल्याने थेट सुरुवातच केली. किती खाली, ते कोणी सांगितलंच नाही. पूर्वी अशा वेळी मी घाईने बोटं टाकायचे. आता सॅक्सोफोन छातीशी धरून गप्प उभी राहते. बेस ऐकते, ओळ कुठे विसावते ते ऐकते, तो सूर ओठ मिटून गुणगुणते. मगच वाद्यावर एक लांब सूर, अगदी हळू.

फसगत होते ती पंचमावर. पंचमालाच सा समजलं तरी बराच वेळ सगळं जुळतं! पण गाण्यात शुद्ध मध्यम आला की माझ्या हिशोबात तो कोमल निषाद होतो. साध्या मेजर, म्हणजे शुद्ध गंधाराच्या, चालीत तो सारखा लागायला लागला की समजते, मी चुकीच्या घरी उभी आहे. सा पक्का झाला की गंधार तपासायचा, शुद्ध की कोमल. मेजर-मायनर तिथेच कळतं.

माझा सॅक्सोफोन आल्टो प्रकारचा, ई फ्लॅटचा. मी सी वाजवला की ऐकू येतो ई फ्लॅट. हार्मोनियमची काळी चार म्हणजे मला एफ, एकच फ्लॅट (उतरलेला सूर), बोटांना सुखाची. गिटारवाल्यांचा लाडका ई मात्र मला सी शार्प, 7 शार्पचा (चढवलेल्या सुरांचा).

त्या दिवशी पट्टी निघाली डी, म्हणजे मला बी, 5 शार्प. पहिलं कडवं सोडलं, दुसऱ्याला शिरले. गायिकेने वळून बघितलं आणि हसली.