आमची वाटचाल : मर्लो आणि तळघरातली वर्षे

मर्लो या लाल द्राक्षाची वाईन टिकत नाही, ती दोन-तीन वर्षांत पिऊन संपवावी, असे आपल्या धंद्यात जाणती समजली जाणारी माणसे आजही ठामपणे सांगतात. आमच्या तळघरात २००८च्या हंगामाच्या बाटल्या अजून आडव्या पडलेल्या आहेत आणि दर वर्षी त्यांतल्या काही उघडून आम्ही त्यांची चव नोंदवत आलो आहोत. त्यामुळे या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्ही कमावला आहे, असे मी मानते. तो सुखासुखी मिळालेला नाही. कोणी घ्यायला तयार नव्हते, म्हणून त्या बाटल्या आमच्याकडे राहिल्या, आणि त्या राहिल्या म्हणूनच मर्लो वयात कशी येते ते आम्हाला कळले.

राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिक जिल्ह्यात वायनरीचे वारे वाहू लागले. दिंडोरी तालुक्यातली आमची बाग तोवर सगळी थॉम्पसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची होती. माझे यजमान आणि धाकटे दीर यांनी तिच्यातला एक तुकडा मोकळा करून मर्लो लावली, तेव्हा आजूबाजूला सगळे कॅबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ ही लाल वाईनची वाणे लावत होते. भाऊजी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेले आहेत. त्यांचा हिशेब असा होता की मर्लो कॅबर्नेच्या आधी पिकते, म्हणजे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, वेळेवर झाली तर मार्चच्या उन्हाचा कडाका सुरू होण्यापूर्वी माल टाकीत पडतो. हिशेब बरोबर होता. मात्र मर्लोची साल पातळ, टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारी द्रव्ये, मवाळ आणि आम्लता मुळातच कमी असते. आपल्याकडच्या उन्हात शेवटच्या आठवड्यात साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा तितक्याच झपाट्याने उतरतो. ‘टिकत नाही’ या समजाचे मूळ इथे आहे. ज्यांनी २६ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) घड वेलीवर ठेवले, त्यांची मर्लो खरोखरच टिकली नाही, आणि दोष मात्र वाणाच्या माथी मारला गेला.

मर्लोचे माहेर असलेल्या फ्रान्समधल्या बोर्दोत असे कोणी म्हणणार नाही. तिथे दोर्दोन्य नदीच्या उजव्या काठावर, पोमेरोल आणि सेंट एमिलियों या भागांत मर्लो हेच मुख्य वाण आहे. पोमेरोलची पेत्रुस ही जगातल्या सर्वांत महागड्या वाइनपैकी एक, आणि ती जवळजवळ निव्वळ मर्लोची असते. तिच्या चांगल्या हंगामाच्या बाटल्या लोक तीस-चाळीस वर्षे राखून ठेवतात. तिथली निळसर चिकणमाती आणि सप्टेंबरची गार हवा आपल्याकडे नाही हे मला मान्य आहे, आणि तेवढ्या आयुष्याचा दावा मी करत नाही. पण वेळेवर तोडलेली, नीट मुरवलेली आणि गारव्यात ठेवलेली नाशिकची मर्लो दहा वर्षे मानाने जगते, हे मी लिहून देते.

पहिले काही हंगाम चांगले गेले. ओळखीच्या हॉटेलांत माल लागला, कर्जाचे हप्ते वेळेवर जात होते. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

२००८चा हंगाम आमच्या बागेने दिलेला सर्वांत सुंदर हंगाम होता. थंडी लांबली, मण्यांत पाणी उतरल्यावर रात्री गार राहिल्या, भुरी रोग जवळपास नव्हताच. आम्ही पहाटे तोडणी करून दहाच्या आत घड क्रशरवर आणत होतो. रस २४ ब्रिक्सच्या आत होता. मॅलोलॅक्टिक किण्वन, म्हणजे तीव्र आम्लाचे सौम्य आम्लात रूपांतर, पूर्ण झाल्यावर वाईन २२५ लिटरच्या फ्रेंच ओकच्या बॅरलमध्ये उतरवली. एका बॅरलमधून ३०० बाटल्या निघतात, म्हणजे किती बॅरल भरली होती याचा अंदाज वाचकांनी पुढच्या आकड्यावरून करावा. एका मोठ्या वितरकाने तोंडी सांगितले होते, “वहिनी, हा सगळा माल माझा.” त्याच्या भरवशावर आम्ही शेजारच्या दोन शेतकऱ्यांचीही मर्लो घेतली होती.

त्या वर्षी सप्टेंबरात जगभर मंदी आली आणि २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला. पंचतारांकित हॉटेले ओस पडली. वितरकाने आधी मुदत मागितली, मग फोन घेणे बंद केले, आणि आधीच्या मालाचे पैसेही बुडवले. त्या काळात जिल्ह्यातल्या अनेक लहान वायनरींच्या टाक्या भरलेल्या राहिल्या, कित्येकांना कायमचे कुलूप लागले, आणि ज्या शेतकऱ्यांनी थॉम्पसन काढून वाईनची द्राक्षे लावली होती त्यांनी ती पुन्हा उपटली. आम्ही दोन्ही शेजाऱ्यांचे पैसे चुकते केले. त्यासाठी रस्त्यालगतची जमीन विकावी लागली. ती जमीन आज कोणाच्या ताब्यात आहे आणि तिचा भाव काय झाला आहे, हे तालुक्यात सर्वांना माहीत आहे.

अशा वेळी आमच्याहून कितीतरी मोठ्या एका उत्पादकाचा माणूस आला. तळघरात त्याने एक बॅरल चाखले, मान हलवली आणि सगळा माल ऊर्ध्वपातनासाठी, म्हणजे ब्रँडी गाळण्यासाठी, लिटरमागे लाज वाटेल अशा भावाने मागितला. “बाटलीत भरू नका, बुचाचे पैसेही निघणार नाहीत. पाच वर्षांत व्हिनेगर होईल,” हे त्याचे शब्द. आम्ही नकार दिला. त्यानंतर नाशिक आणि पुण्याच्या हॉटेलांत एकच वाक्य आमच्या कानांवर येऊ लागले, की नाशिकची जुनी मर्लो घेऊ नका, ती उतरलेली असते. हे वाक्य कोठून निघाले ते आम्ही ओळखून आहोत. आज त्याच घरातून ‘रिझर्व्ह’ म्हणून जुनी मर्लो विकली जाते, आणि तिच्या लेबलवर दीर्घकाळ मुरवण्याचे कौतुक छापलेले असते.

२००९च्या पावसाळ्यात आम्ही चार हजारांवर बाटल्या भरल्या. बूच नैसर्गिक, ४९ मिलिमीटर लांबीचे घेतले; घरात पैसा नसताना महाग बूच घेण्याचा हट्ट भाऊजींचा होता. तळघर मुरूम फोडून खोल नेलेले आणि काळ्या दगडाने बांधलेले होते, म्हणून भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज अर्धा दिवस नसली तरी तापमान १६-१७ अंशांच्या वर फारसे गेले नाही. उन्हाळ्यात जनरेटरचे डिझेल मोजून वापरले. उत्पादन शुल्काच्या नोंदवहीत न विकलेल्या प्रत्येक बाटलीचा हिशेब ठेवायचा, लेबलची नोंदणी दर वर्षी शुल्क भरून नवी करायची. जुना साठा सांभाळणे किती खर्चाचे असते ते लहान वायनरीवाल्यांना सांगायला नको.

या सगळ्यात एका ग्राहकाने आमची साथ सोडली नाही. देवळालीला राहणारे एक निवृत्त कर्नल दर दिवाळीच्या आधी स्वतः गाडी चालवत येत, २००८ची एक पेटी घेत आणि पूर्ण भाव देत. सूट दिली तर रागावत. परदेशातल्या नेमणुकीत त्यांनी बोर्दोच्या उजव्या काठच्या वाइन पुष्कळ प्यायल्या होत्या. पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर ते बारीक अक्षरात रंग, वास, चव आणि साका अशा चार ओळी लिहीत आणि पुढच्या खेपेला ती कार्डे आम्हाला आणून देत. खाली जे लिहिले आहे त्यात भाऊजींच्या वहीइतकाच त्या कार्डांचा वाटा आहे.

बाटलीत भरली तेव्हा ही वाईन गर्द जांभळी होती, ग्लास तिरका धरला तरी कडेपर्यंत रंग तोच. वासात जांभूळ, तुती, काळा प्लम, आणि ओकमुळे आलेली लवंग व भाजलेली कॉफी. सर्वांना आवडेल अशी ती होती, आणि नेमक्या त्याच वेळी तिला गिऱ्हाईक नव्हते. पुढची दोन वर्षे ती रुसली. फळाचा वास दबला, ओक मात्र पुढे आला, घोट कोरडा लागू लागला. नवख्या माणसाला वाटते की वाईन गेली. मोठमोठ्या हॉटेलांच्या खरेदीदारांनाही तसेच वाटले आणि त्यांनी नमुने परत केले. चांगल्या लाल वाईनच्या आयुष्यात असा मुका काळ येतो, हे बोर्दोत पोरसवदा कामगारालाही ठाऊक असते. त्या वेळी कर्नलसाहेब एवढेच म्हणाले, “ताई, हिला झोपू द्या. उठवू नका.”

२०१३च्या सुमारास ती बोलू लागली. जांभळा रंग जाऊन माणकासारखा लाल आला. सालीतली रंगद्रव्ये आणि टॅनिन एकमेकांना बिलगून मोठे रेणू होतात, त्यांतले काही जड होऊन तळाशी बसतात. म्हणून रंग फिका होतो, साका वाढतो आणि तुरटपणा मऊ होतो. ताज्या प्लमच्या जागी आलुबुखारा आला, लवंग मागे सरून कोकोचा कडसरपणा आला. २०१५ ते २०१७ ही तिच्या ऐन बहराची वर्षे. सुके अंजीर, तंबाखूची कोरडी पाने, नवे कातडे, देवदाराची पेटी उघडल्यावर येतो तसा लाकडाचा वास, आणि या सगळ्याखाली अजून जिवंत असलेला फळाचा गोडवा. घोट गिळल्यावर चव मागे रेंगाळत होती आणि आंबटपणाने तिला सरळ उभे धरले होते. वेळेवर केलेल्या तोडणीचे फळ ते हेच.

२०२० नंतर कडेचा रंग विटेसारखा झाला. फळ मागे गेले आणि अळंबी, ओला पालापाचोळा, कोऱ्या चहाचा उतार पुढे आला. मला ही अवस्था फार प्रिय आहे, पण ती सर्वांना आवडणार नाही. त्यापुढे मात्र एका बाटलीचे दुसरीशी जुळेनासे झाले. बुचातून हवा किती शिरली यावर सगळे ठरते. वाईनमधला गंधकाचा डायऑक्साइड तोवर जवळपास खर्च झालेला असतो आणि तिचे रक्षण करणारे काही उरत नाही. एक बाटली अजून अंजिराचा वास देते, तिच्या शेजारची सोया सॉससारखी आणि सपाट लागते. म्हणून माझे मत असे, की आपल्याकडची मर्लो सहाव्या ते नवव्या वर्षी प्यावी, बाराव्या वर्षानंतर ती केवळ अभ्यासासाठी उघडावी.

जुनी बाटली उघडण्यासाठी आमच्याकडे एकच हत्यार चालते, ते म्हणजे दोन पात्यांचे आह-सो. इतक्या वर्षांचे बूच स्पंजासारखे मऊ झालेले असते. मळसूत्री ओपनर त्यात भोक पाडून अर्धे बूच आतच ठेवतो. आह-सोचे लांब पाते आधी बूच आणि काच यांच्यामधून सरकवायचे, मग आखूड पाते, मग दोन्ही डोलवत खाली न्यायची आणि फिरवत वर ओढायचे. भाऊजींच्या आह-सोची मूठ आता झिजून गुळगुळीत झाली आहे आणि ते दुसऱ्या कोणाला त्याला हात लावू देत नाहीत.

ज्यांच्या घरी एखादी जुनी लाल वाईन आहे त्यांनी ती फ्रिजच्या दारात ठेवू नये. तिथे ती सतत हलते आणि बूच सुकते. देवघरासमोरच्या शोकेसमध्ये तर मुळीच ठेवू नये. घरातली सर्वांत अंधारी, गार जागा शोधून बाटली आडवी ठेवावी. उघडण्याच्या आदल्या दिवशी उभी करावी म्हणजे साका तळाशी बसतो, आणि ओतताना मानेमागे उजेड धरून साका दिसताच थांबावे. नाशिकच्या मे महिन्यात ‘खोलीच्या तापमानाला’ वाईन देणारी हॉटेले ग्राहकाला फसवतात. मर्लो १६ ते १८ अंशांवर द्यावी. दहा वर्षांच्या वाईनला तासन् तास डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागावी म्हणून वापरतात त्या काचेच्या सुरईत, ठेवू नये, तिचा उरलासुरला वास वीस मिनिटांत उडून जातो. तरुण मर्लो काळ्या मसाल्याच्या मटणासमोर टिकते, म्हातारीला मात्र तूप-मिऱ्यावर परतलेली अळंबी किंवा साधे भाजलेले कोकरू द्यावे. आणि जे तरुण शेतकरी आज पुन्हा वाईनची द्राक्षे लावायला निघाले आहेत त्यांना सांगते, की तोंडी शब्दावर एक घडही तोडू नका. करार लिहून घ्या आणि निम्मे पैसे तोडणीच्या आधी घ्या.

आता दर हंगामात आम्ही दोन बॅरल मर्लो बाजूला काढतो आणि बाटलीत पाच वर्षे झाल्याशिवाय ती विकायला काढत नाही. लेबलवर हंगामाचे वर्ष ठळक छापतो, आणि कोणी नमुना मागितला तर त्याच्यासमोर तरुण आणि जुनी अशा दोन बाटल्या उघडतो. २००८च्या बाटल्या विकायला नाहीत. त्यांतली एक पेटी कर्नलसाहेबांच्या नावाने वेगळी ठेवलेली आहे. वयोमानामुळे त्यांना आता गाडी चालवता येत नाही, म्हणून दिवाळीच्या आधी भाऊजी स्वतः देवळालीला नेऊन देतात आणि येताना कार्ड घेऊन येतात. ब्रँडीसाठी भाव सांगायला आलेल्या त्या गृहस्थांना मी दोनदा पत्र लिहून ही वाईन चाखायला बोलावले. उत्तर आलेले नाही. निमंत्रण अजून कायम आहे.