चार टनांचा आकडा, मे महिन्यातलं जळगाव आणि एमआय-१७

एमआय-८ आणि त्यानंतरचं एमआय-१७ ही वायुदलाची मालवाहू हेलिकॉप्टरं. दोघांच्याही माहितीपत्रकात पोटातल्या मालाचा आकडा एकच : ४,००० किलो. मग आपल्या वायुदलाला नवं हेलिकॉप्टर कशाला लागलं? ते समजायला सियाचीनपर्यंत जायची गरज नाही, मे महिन्यातली जळगावची दुपार पुरे.

जळगावची उंची जेमतेम २०० मीटर. या उंचीवर उड्डाणाच्या हिशेबासाठी प्रमाण तापमान १४ अंशांच्या आसपास धरतात. पारा ४५ वर गेला की फरक ३१ अंशांचा. दर अंशामागे हवा साधारण १२० फूट वर गेल्यासारखी विरळ होते. हिशेब केला तर भर दुपारी जळगावचं हेलिकॉप्टर १,३०० मीटरवरच्या हवेत उडत असतं, म्हणजे तोरणमाळच्याही वर! पात्यांना रेटायला हवा कमी मिळते, इंजिनालाही कमी मिळते, आणि इंजिनातलं टर्बाइन तापमानाच्या मर्यादेला लवकर टेकतं.

एमआय-८ इथंच अडायचं. त्याची दोन इंजिनं प्रत्येकी १,५०० अश्वशक्तीची. १९८०च्या दशकात आलेल्या एमआय-१७ मध्ये सांगाडा जवळपास तोच, पण इंजिनं प्रत्येकी १,९०० च्या घरातली, आणि शेपटीचा पंखा उजवीकडून डावीकडे नेलेला. लांबून दोघांना ओळखायची खूण हीच. मोठ्या इंजिनामुळे मुख्य पात्यांचा पीळ, म्हणजे सांगाड्याला उलटं फिरवू पाहणारा जोर, वाढतो, तो सावरायला शेपटीचा पंखाही तेवढा दमदार लागतो. तरीही एमआय-८ नं सियाचीन, श्रीलंका सगळं निभावलं आणि ते थेट डिसेंबर २०१७ मध्ये निवृत्त झालं. या यंत्राला मिळायला हवा तेवढा मान मिळाला नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कारगिलमध्ये एमआय-१७ ला रॉकेटं लावून हल्ल्याला पाठवलं गेलं. २८ मे १९९९ ला तोलोलिंगजवळ एक हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्रानं पाडलं आणि आतले चौघंही शहीद झाले. उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर, म्हणजे हवेत सोडायचे जळते गोळे, त्यावर नव्हते. २०१२ पासून आलेल्या व्ही-५ या एमआय-१७ च्या सुधारित आवृत्तीत हे संरक्षण आहे. मागं माल चढवायला रॅम्प (उतरतं दार) आहे आणि दोरावर टांगून ४,५०० किलो उचलता येतं.

आता धूळ. एमआय-१७ च्या इंजिनांच्या तोंडाशी घुमटासारखे धूळरोधक असतात. ते धूळ बाजूला काढतात, पण चालू असताना इंजिनाची थोडी ताकद खातात. म्हणजे उन्हाळ्यात काळ्या मातीच्या शेतात उतरताना उष्णता आणि धूळ दोन्हीकडून वजावट होते, आणि माल आधीच कमी भरावा लागतो. वर धुरळ्यात जमीन दिसेनाशी होते. वेग कमी असताना घाईनं सरळ खाली आलं तर पाती स्वतःच ढकललेल्या हवेत अडकतात, आणि ताकद वाढवली तरी हेलिकॉप्टर खालीच जातं. त्यातून सुटायला पुढं वेग घ्यावा लागतो, पण तेवढी उंची हाताशी हवी.

तात्पुरतं हेलिपॅड करताना म्हणून मुरूम दाबून पाणी मारतात. पावसाळ्यात नुसत्या काळ्या मातीत चाकं रुततात. ठिबकच्या नळ्या, ताडपत्र्या, पऱ्हाट्या आसपास काही ठेवू नये. शेजारी केळीची बाग असेल तर पानं फाटणारच, जागा लांबची निवडावी. चढायचं मुख्य दार डाव्या अंगाला पुढे आहे आणि शेपटीचा पंखाही डावीकडेच, त्यामुळे दाराकडे पुढूनच, वैमानिकाच्या नजरेतून, आणि खूण मिळाल्यावरच जायचं.