आज्जीचा उखाणा, काकूंचा ओडपु

मागच्या महिन्यात बेळगावजवळच्या खानापूरकडच्या आमच्या गावी चुलत बहिणीचं लग्न झालं. नवरी उंबऱ्यावर अडली, "नाव घे गं" म्हणून गलका झाला, तिनं उखाणा घेतला. शेजारच्या कन्नड काकू लगेच पुढं झाल्या. "आता आमचाबी एक ओडपु ऐका!" आणि लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या त्या बाईनं लाजत लाजत नवऱ्याचं नाव गुंफलं.

पंगतीत मी त्यांच्याच शेजारी बसले. विचारलं, ओडपु म्हणजे नाव घेणंच का? तर म्हणाल्या, "नाही गं, कोडं घातलं तरी ओडपुच."

माझा घास हातातच राहिला. कारण माझी आज्जीही दोन्हींना उखाणाच म्हणायची. दिवेलागणीला आम्हा पोरांना घालायची, "पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब!" (मक्याचं कणीस.) हा उखाणा, आणि आजोबांचं नाव घ्यायची तोही उखाणा. नवऱ्याचं नाव असं सरळ तोंडानं काढायचं नाही, म्हणून ते ओळीत दडवायचं. कोड्यातही वस्तूचं नाव दडवलेलंच असतं की! एकमेकींच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या दोन भाषांनी या दोन्हींना एकच नाव दिलं, याचा मला त्या दिवशी विलक्षण आनंद झाला.

'लोकसाहित्य' हा शब्द मला शाळेत भेटला. आज्जीच्या तोंडी तो कधीच नव्हता. त्यामागचा इंग्रजी 'फोकलोअर' तरी कुठं फार जुना आहे? विल्यम थॉम्स यांनी १८४६ मध्ये टोपणनावानं एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं, त्यात तो सुचवला. त्यातल्या 'लोअर'चा अर्थ परंपरेनं हाती आलेलं जाणतेपण. म्हणजे साहित्य हा त्याचा एक भागच. मराठीत लोकविद्या, लोकवार्ता, लोकायन हेही शब्द वापरले गेले. रुळला मात्र लोकसाहित्य. मला कन्नडातला 'जानपद' जास्त जवळचा वाटतो. जनपदातलं, माणसांच्या वस्तीतलं ते सगळं त्यात बसतं. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीची परडी आणि तिच्या जोगत्यांचं चौंडकं हे वाद्य, यांना नुसतं साहित्य कसं म्हणायचं?

आज्जीला असा एक मोठा शब्द लागलाच नाही. ओवी जात्यावरची. जातं थांबलं की ओवीही थांबायची. गोष्ट कधीही सांगावी, पण कहाणी श्रावणात, हातात अक्षता धरून ऐकायची आणि 'सुफळ संपूर्ण' होईपर्यंत उठायचं नाही. काकूंकडेही तसंच: दळतानाचं बीसु पद, मंगलकार्यातलं सोबाने पद, खळ्यावर बैल फिरवताना म्हणायचं हंती पद. हात कशात गुंतलेत त्यावरून गाण्याचं नाव.

काकूंच्या सासऱ्यांना हंती पदं येतात असं कळल्यावर मी वही घेऊन गेले. खुर्चीवर बसून त्यांना दोन ओळींपुढं आठवेना. आता मळणी मशीनवर होते, बैलही विकलेत. शेवटी म्हणाले, "बसून येत नाही बाई, फिरायला लागतंय."

रविवारी परत जाणार आहे. त्यांच्यासोबत परसात गोल फेऱ्या मारायच्या, असं ठरलंय. वही घरीच ठेवीन, मोबाईलवर रेकॉर्ड करीन.